पेंग्विनचं फडकं

परवा दुपारी मावशी पेंग्विनने फरशी पुसत होत्या.

मी जेवून दिवाणावर पाय वर घेऊन बसले होते. फरशी वाळेपर्यंत पाय खाली ठेवायचा नाही, हा मावशींनी आमच्या घरात केलेला कायदा आहे. पेंग्विन आधी टीव्हीच्या टेबलाखाली गेला, मग दिवाणाखालून धुळीचे दोन गोळे घेऊन बाहेर आला, पिळला गेला आणि बादलीत चोच वर करून तरंगायला लागला. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

"मावशी, हे कुठनं काढलंत?"

"जुनेरातनं. तुम्हीच गाठोडं बांधून ठेवलं होतं की."

खरं होतं. दिवाळीच्या आवराआवरीत मीच बांधलं होतं. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, पण फुकट मिणारी कॉम्प्युटर चालवायची प्रणाली; तिच्या संमेलनांमधून मिळालेल्या, पेंग्विन छापलेल्या टी-शर्टांचं आयुष्य आमच्याकडे ठरलेलं असतं. तो मुळात एक्सएल असतो. नोंदणीच्या टेबलामागचा मुलगा खोक्यात कोपरापर्यंत हात घालून लहान मापाचा शोधतो, मग ओशाळून एक्सएलच पुढे करतो. त्यात मी आणि माझी एखादी मैत्रीण अशा दोघी सहज मावू. मग दोन-तीन वर्षं तो झोपताना घालायचा, एकदा होळीत काढायचा, आणि नंतर गाठोड्यात. पुरुषांचे टी-शर्ट ऑफिसला जातात, भाषणांना जातात, माझे थेट बादलीत.

पेंग्विन तसा तिथेही सुखी दिसत होता म्हणा. १९९३ साली लिनक्सचा जनक लिनस तोरवाल्ड्स याला ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या प्राणिसंग्रहालयात एक पेंग्विन चावला होता. पुढे १९९६ साली लिनक्सला चिन्ह हवं झालं तेव्हा त्याने पेंग्विनचाच हट्ट धरला. तोही रुबाबदार वगैरे नको, मासे हाणून तृप्त झालेला आणि बूड टेकून बसलेला हवा. लॅरी युइंगने तो तस्साच काढला. जेवण झाल्यावर दुपारी दोन वाजता मराठी माणूस कसा दिसतो, ते त्या युइंगला कुणी सांगितलं असेल देव जाणे.

माझी आणि या पक्ष्याची गाठ १९९९ सालची. मी अकरावीत होते. घरात कॉम्प्युटर आला होता तो बाबा आमच्या सोसायटीचे खजिनदार होते म्हणून. पार्किंगची वर्गणी, टाकी धुतल्याचं बिल, थकबाकीदारांची यादी, सगळं त्याच्या पोटात. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी आली. मी ती घालून पाहिली, अर्ध्यात घाबरून काढली. मग कळलं की शिवाजीनगरच्या एका कॉलेजात रविवारी 'इन्स्टॉल फेस्ट' आहे. आपला कॉम्प्युटर घेऊन जायचं, तिथली मुलं लिनक्स घालून देतात. मॉनिटर आणू नका, असंही सांगितलं होतं. पण दुसऱ्याच्या मॉनिटरवर आपला सोसायटीचा हिशेब दिसणं बाबांना पटेना.

रिक्षात मधे मॉनिटर, एका बाजूला बाबा, दुसरीकडे मी, माझ्या मांडीवर सीपीयू. मॉनिटर आईने सोलापुरी चादरीत गुंडाळला होता. दवाखान्यात आजीला न्यावं तसं आम्ही त्याला दोन्हीकडून धरलं होतं.

"पिक्चर ट्यूब गेली का?" रिक्षावाल्याने विचारलं.

"नाही, उत्तम चाललंय," बाबा म्हणाले.

"मग कशापायी नेताय?"

याचं उत्तर बाबांकडे नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. डेक्कनपर्यंत तिघेही गप्प बसलो.

वर्गात बाकं भिंतीला लावली होती आणि जमिनीवर एक्स्टेन्शन बोर्डांचं जाळं. आधी विंडोजमध्ये डिफ्रॅग लावला, म्हणजे डिस्कवर विखुरलेलं सगळं एका बाजूला गोळा करायला घेतलं. ते निळे-पांढरे चौकोन एकेक करून सरकताना बघत आठ-दहा जण माझ्या खुर्चीमागे उभे होते. सव्वा तास. कुणी हललं नाही, कुणी कंटाळलं नाही. मग फिप्स नावाच्या चिमुकल्या प्रोग्रॅमने डिस्कचे दोन तुकडे करायचे होते. "बॅकअप घेतलाय ना?" एकाने सहज विचारलं. मी बाबांकडे पाहिलं, बाबांनी माझ्याकडे. "घेतलाय," बाबा म्हणाले. मला पुढे कळलं की त्यांचा बॅकअप म्हणजे घरची लाल कापडी बांधणीची खतावणी. कॉम्प्युटर आल्यापासून ते दोन्हीकडे लिहीत होते.

नंतर त्या लिनक्सने मॉनिटरची आडवी-उभी फ्रीक्वेन्सी विचारली. चुकीचा आकडा घातला तर मॉनिटर जळू शकतो, असं तेव्हा सगळे दबक्या आवाजात सांगत. लोक अंदाजपंचे आकडे टाकून डोळे मिटून एंटर मारायचे. बाबांनी पिशवीतून मॉनिटरचं पुस्तक काढलं. पुस्तकाबरोबर बिल, वॉरंटी कार्ड आणि खोक्यावरचं स्टिकरही निघालं. खोलीत शांतता पसरली. "काका, तुम्ही मॅन्युअल आणलंत?" असं एका मुलाने ज्या आवाजात विचारलं, तो आवाज मी नंतर फक्त देवळात ऐकला.

आणि एवढं सगळं होऊन, मशीन पुन्हा सुरू केल्यावर, काळ्या पडद्यावर दोन अक्षरं आली. एल. आय. पुढे काही नाही. यायला हवं होतं 'लिलो', म्हणजे मशीन चालू झालं की लिनक्सला जागं करणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव. हा लिलो चालू होताना आपल्या नावाची चार अक्षरं एकेका टप्प्याला छापत जायचा. गाडी कुठे अडली ते तो किती अक्षरांवर मेला त्यावरून ओळखायचं. नवरीने उखाण्याची दोन कडवी म्हणावीत आणि ऐन नावाशी अडावं, तसा आमचा कॉम्प्युटर 'एलआय' म्हणून थांबला होता. सोसायटीचा हिशेब त्याच्या पलीकडे.

मागच्या बाकावरून शबनम अडकवलेला एक जण उठून आला. फ्लॉपीवरून मशीन चालू केलं, एका फायलीत 'लिनियर' एवढा एक शब्द वाढवला, एक आज्ञा दिली आणि परत जागेवर जाऊन बसला. मशीनने चारही अक्षरं म्हटली. काळ्या पडद्यावर 'लॉगिन' आलं. टाळ्या पडल्या.

"झालं?" बाबा.

"झालं काका."

"यात दिसत तर काहीच नाहीये."

आधी त्यांनी विंडोजमध्ये जाऊन थकबाकीदारांची यादी आहे ना ते पाहून घेतलं. सगळे थकबाकीदार सुखरूप होते. मग त्यांनी पाकीट काढलं. "किती द्यायचे?" काही नाही म्हटल्यावर पाकीट तसंच हातात धरून चौकशी सुरू केली. वर्गणी? नाही. पावतीपुस्तक? नाही. संस्था नोंदलेली आहे? नाही. अध्यक्ष कोण? मुलं एकमेकांकडे बघायला लागली. "मग तुमचं चालतं कशावर?" बाबांना हे फुकट असण्यापेक्षाही बिनअध्यक्षाचं असण्याने जास्त घोर लागला होता. शेवटी त्यांनी सगळ्यांना चहा आणि पॅटिस सांगितलं, आणि त्याची पावती मात्र मागून घेतली. पुढे कित्येक वर्षं ते मला विचारत, "तुझे ते फुकटवाले काय म्हणतात?"

फुकटवाले बरे होते. मॉडेल कॉलनीत महिन्यातल्या एका शनिवारी जमायचे, आणि जमले की भांडायचे. नुसतं 'लिनक्स' म्हणायचं की 'ग्नू-लिनक्स', यावर एकदा सबंध चहा गार झाला. व्हीआय आणि ईमॅक्स या मजकूर लिहायच्या दोन प्रोग्रॅमांचे कट्टर भक्त एका पंक्तीला बसायचे, एवढंच. आणि सोवळं किती! बंदिस्त ड्रायव्हर, म्हणजे ज्याचा कोड कंपनी कुणाला दाखवत नाही असा, घातलेलं मशीन काहींना चालायचं नाही. वायफाय नाही लागलं तरी बेहत्तर, पण विटाळ नको. असे कडक सोवळ्यातले मला मनापासून आवडायचे, आणि घरी येऊन मी गुपचूप तोच ड्रायव्हर घालायचे. २०२२ साली डेबियन नावाची लिनक्सची आवृत्ती बनवणाऱ्यांनी रीतसर मतदान घेऊन तसलंच बंदिस्त फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या सुट्या भागांना लागणारं सॉफ्टवेअर, आपल्या अधिकृत इन्स्टॉलरात घ्यायचं ठरवलं, तेव्हा मला कुणाच्या तरी आजीने शेवटी गॅसवर नैवेद्य रांधल्यासारखं वाटलं. सोय झाली हो. पण तरी.

बाहेरगावचं पहिलं संमेलन बेंगळुरूचं. पीसीक्वेस्टच्या त्या सीड्यांमागे ज्यांचा हात होता त्या अतुल चिटणिसांनी (जन्म बर्लिनचा, इंजिनिअरिंग बेळगावात, मुक्काम बेंगळुरूत) मित्रमंडळींना घेऊन २००१ पासून 'लिनक्स बँगलोर' भरवायला सुरुवात केली. पुढे तिचंच 'फॉस डॉट इन' झालं. आम्ही सहा जण उद्यान एक्स्प्रेसने निघालो. भाषणांतलं आता काही म्हणजे काही आठवत नाही. आठवतो तो सोलापूरच्या अलीकडचा संवाद. दोघांची प्रोसेसवरून, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये चालू असलेल्या आणि एकमेकांना जन्म देणाऱ्या प्रोग्रॅमांवरून, जुंपली होती.

"अरे, पोरगं मेलं की बापाने दखल घ्यायला नको? नाही घेतली तर त्याचं भूत होऊन बसतं."

"पण बापच आधी मेला तर?"

"मग पोर अनाथ. त्याला एक नंबरवाला दत्तक घेतो."

"आणि बाप जिवंत असून बघतच नसेल तर?"

"तर बापाला मारायचं. आपोआप सुटतं."

समोरच्या बाकावर एक काकू दशमी सोडून बसल्या होत्या. त्यांचा घास हातातच राहिला. "कुणाचं गं पोर?" त्यांनी मला हळूच विचारलं. मी समजावायचा प्रयत्न केला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मला एक दशमी दिली, आणि वाडी जाईपर्यंत त्या मुलांकडे पाठ करून बसल्या.

फॉस डॉट इन २०१२ला शेवटचं झालं. २०१३च्या जूनमध्ये चिटणीस गेले. मी त्यांच्याशी आयुष्यात एकच वाक्य बोलले, "सर, हा बोर्ड चालू नाहीये." त्यांनी वाकून प्लग काढून दुसरीकडे लावला होता.

बाबांच्या 'चालतं कशावर'चं एक उत्तर मला फार उशिरा मिळालं. ऑस्ट्रेलियात १९९९ साली, म्हणजे आम्ही मॉनिटर रिक्षात घातला त्याच वर्षी, रस्टी रसेल नावाच्या, लिनक्सच्या कर्नलवर म्हणजे गाभ्यावर काम करणाऱ्या माणसाने मेलबर्नला लिनक्सवाल्यांचं पहिलं संमेलन भरवलं, ते स्वतःच्या क्रेडिट कार्डावर. आधी खर्च, मग जमा. मी बाबांना हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "बायकोला माहीत होतं?" तेच संमेलन २००९ साली होबार्टला भरलं, तेव्हा टास्मानियन डेव्हिल नावाच्या प्राण्याला वाचवायला पैसे गोळा केले आणि बीडेल गार्बी या जुन्या डेबियनवाल्याची वर्षानुवर्षांची दाढी भर सभेत खुद्द लिनसने उतरवली. हे मी बाबांना सांगितलं नाही. डेबियनवाले आपला नेता दरवर्षी मतदानाने निवडतात आणि मतपत्रिकेवर 'यांपैकी कुणीही नको' असाही पर्याय असतो, हे मात्र सांगितलं. त्यावर ते फारच खूश झाले. सोसायटीच्या पुढच्या सभेत त्यांनी तसा ठराव मांडला. पडला.

एकदा ऑफिसच्या कामाला जोडून ब्रुसेल्सच्या फॉसडेमला, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या संमेलनाला, जाता आलं. ऐन थंडीतला शनिवार-रविवार, विद्यापीठाच्या इमारती, तिकीट नाही, नोंदणी नाही, आणि माणसं हजारोंनी. खोली भरली की दारावर 'फुल' अशी पाटी लागते आणि मग देव आला तरी आत सोडत नाहीत; मला अगदी बालगंधर्वला आल्यासारखं वाटलं. तिथे मी चाव्यांच्या, म्हणजे ही डिजिटल चावी याच माणसाची अशी एकमेकांची खातरी करून घ्यायच्या रांगेत उभी राहिले. समोरासमोर दोन रांगा, प्रत्येकाच्या हातात पासपोर्ट आणि कागद. कागदावर प्रत्येकाच्या डिजिटल चावीचा चाळीस अक्षरी ठसा. समोरच्याचा पासपोर्ट बघायचा, तोंड बघायचं, खूण करायची, एक पाऊल सरकायचं. व्याहीभेटच, फक्त नारळ नाही. लालबुंद नाकाचा एक म्हातारा माझ्या पासपोर्टपाशी थांबला. माझ्या नावातला मधला शब्द त्याला कळेना. कागदावर तो नव्हता.

"हे कोण?"

"माझे वडील."

"तेही आलेत?"

मी नाही म्हटलं. त्याने पुन्हा एकदा फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि कागदावर टिचकी मारल्यासारखी खूण केली.

मागच्या महिन्यात भाच्याने पेनड्राइव्हवरून लिनक्स घातलं. पोहे खाता खाता. पोहे संपायच्या आधी झालं. मी बाजूला उभी होते, मदतीला. वायफाय लागलं, प्रिंटर लागला, आवाज आला.

"कुणाला विचारलंस?"

"काय विचारायचंय?"

याच्यावर खरं तर मला काहीतरी म्हणायचं होतं. मावशींच्या पेंग्विनकडे बघताना ते अगदी जिभेवर आलं होतं. पण तेवढ्यात त्यांनी बादली उचलली.

"ताई, हे कापड पाणी चांगलं टिपतं. अजून आहे का एखादं?"

मी उठले. फरशी ओली होती तरी चवड्यांवर चालत कपाटाशी गेले. अकरा निघाले. बेंगळुरूचा काढला, परत ठेवला. ब्रुसेल्सचा तर अजून घडीही मोडली नव्हती. शेवटी ज्याच्या पाठीवर नुसती प्रायोजकांची यादी होती तो दिला. त्यातल्या निम्म्या कंपन्या तशाही आता राहिलेल्या नाहीत.

"हा मोठाय," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी मधोमध फाडून त्याचे दोन केले.