लेव्हलिंगमध्ये कोणती तपासणी कोणती चूक पकडते?

लेव्हलिंग म्हणजे दुर्बिणीच्या आडव्या नजरेने उभ्या मोजपट्टीवरचं (स्टाफवरचं) रीडिंग घेऊन बिंदूंची उंची काढणं. लेव्हल बुकात बॅकसाइट (सेटअपचं पहिलं, उंची माहीत असलेल्या बिंदूवरचं रीडिंग) आणि फोरसाइट (सेटअपचं शेवटचं रीडिंग) यांच्या बेरजांचा हिशेब जुळला की बहुतेक जण वही मिटतात. ही तपासणी करायलाच हवी, पण ती फक्त आकडेमोड तपासते. चुकीचं वाचलेलं रीडिंग, कललेला स्टाफ, लाइन ऑफ साइटमधला (दुर्बिणीच्या नजरेच्या रेषेतला) दोष, यांतलं काहीच तिच्या तावडीत सापडत नाही. म्हणून कोणती चूक कुठे शिरते आणि ती कोणत्या तपासणीत अडकते, हे ऑटो लेव्हल (नजर आपोआप आडवी ठेवणारी दुर्बीण) हातात घेण्याआधीच माहीत असावं.

आधी एक छोटं उदाहरण. टीबीएमचा (तात्पुरत्या बेंचमार्कचा, म्हणजे उंची ठरवलेल्या खुणेचा) आरएल (रिड्यूस्ड लेव्हल, म्हणजे बिंदूची उंची) 100.000 मीटर. त्यावरचं बॅकसाइट 1.425, म्हणून एचआय (दुर्बिणीच्या नजरेच्या रेषेची उंची) 101.425. मधल्या एका बिंदूवर इंटरमीजिएट (मधलं) रीडिंग 1.870, त्याचा आरएल 99.555. चेंज पॉइंटवर (लेव्हल हलवण्याआधी आणि नंतर जिथे रीडिंग घेतात त्या बिंदूवर) फोरसाइट 0.960, आरएल 100.465. लेव्हल पुढे हलवली, त्याच चेंज पॉइंटवर बॅकसाइट 1.740, नवा एचआय 102.205. शेवटच्या बिंदूवर फोरसाइट 2.155, आरएल 100.050. बॅकसाइटची बेरीज 3.165, फोरसाइटची 3.115, फरक 0.050. शेवटच्या आणि पहिल्या आरएलमधला फरकही 0.050. जुळलं.

आता मधल्या बिंदूचा आरएल वजाबाकीत चुकून 99.545 लिहिला गेला असता तर? तरीही जुळलंच असतं, कारण एचआय पद्धतीच्या तपासणीत इंटरमीजिएट रीडिंग येतच नाही. राइज अँड फॉल पद्धत इथे उजवी ठरते. तिच्यात आधीच्या बिंदूपासूनचा चढ (राइज) किंवा उतार (फॉल) काढतात; फॉल 0.445, राइज 0.910, पुन्हा फॉल 0.415 असं प्रत्येक बिंदूवरून पुढे जावं लागतं, त्यामुळे मधली चुकलेली वजाबाकी लगेच उघडी पडते. एका सेटअपवरून ढीगभर बिंदू घ्यायचे असतील, उदाहरणार्थ कंटूरसाठी (समान उंचीच्या रेषांसाठी) ग्रिड, तर एचआय पद्धत वेगवान पडते. जिथे मधल्या बिंदूंवरच काँक्रीट ओतायचं आहे तिथे राइज अँड फॉलच वापरावी, मग दोन कॉलम जास्त भरावे लागले तरी चालेल.

पण राइज अँड फॉललाही मर्यादा आहे. समजा 1.870 ऐवजी स्टाफवर 1.970 वाचलं. आधीचा फॉल 0.100 ने वाढेल, पुढचा राइजही 0.100 ने वाढेल आणि बेरजा पुन्हा छान जुळतील. वाचण्यातली चूक वाचतानाच पकडावी लागते. त्यासाठी तीन वायरची सवय लावून घ्या: दुर्बिणीतल्या तीन आडव्या रेषा, म्हणजे वरची, मधली आणि खालची स्टेडिया वायर, वाचायच्या. वरच्या आणि खालच्या रीडिंगची सरासरी मधल्या रीडिंगशी एक-दोन मिलिमीटरच्या आत जुळायला हवी. 1.620 आणि 1.120 असेल तर मधलं 1.370 च्या आसपास येणार. शिवाय वरच्यातून खालचं वजा करून 100 ने गुणलं की अंतर मिळतं, इथे 50 मीटर. हे अंतर पुढे लागणारच आहे. निदान बॅकसाइट, फोरसाइट आणि महत्त्वाच्या बिंदूंवर तरी तिन्ही वायर वाचाव्यात.

सेटअपबद्दल थोडक्यात. ट्रायपॉडचे पाय जमिनीत नीट रोवायचे. उतारावर दोन पाय खालच्या अंगाला आणि एक वरच्या अंगाला ठेवायचा. फूट स्क्रूने गोल बबल मध्यभागी आणायचा. बबल जवळपास मध्ये आला की उरलेलं काम कॉम्पेन्सेटर (नजर आपोआप आडवी करणारा दुर्बिणीतला भाग) करतो, पण त्याची झेप साधारण 15 मिनिटांच्या (पाव अंशाच्या) कोनाइतकीच असते. तो अडकलाय का हे पाहायला दुर्बिणीतून बघत ट्रायपॉडला हलकी टिचकी मारा. क्रॉस हेअर (दुर्बिणीत दिसणाऱ्या रेषा) थरथरून पुन्हा त्याच रीडिंगवर आलं पाहिजे. तिथेच गोठून राहिलं किंवा वेगळ्या आकड्यावर थांबलं तर लेव्हल बाजूला ठेवा.

पॅरलॅक्स काढायला दहा सेकंद लागतात, तरी सर्रास टाळलं जातं. दुर्बीण आकाशाकडे किंवा कोऱ्या कागदाकडे धरून आयपीस फिरवत क्रॉस हेअर गडद आणि रेखीव करायचं, मग स्टाफवर फोकस करायचं. डोळा वर-खाली हलवल्यावर रीडिंग सरकत असेल तर पॅरलॅक्स अजून आहे.

आता सगळ्यात फसवी चूक. लाइन ऑफ साइट अगदी आडवी असते असं आपण गृहीत धरतो. प्रवासात धक्के बसून ती किंचित वर किंवा खाली झुकते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ती मोजायची पद्धत म्हणजे टू पेग टेस्ट. 60 मीटर अंतरावर अ आणि ब असे दोन पेग ठोका. लेव्हल बरोबर मध्ये लावा. समजा अ वर 1.450 आणि ब वर 1.620 आलं. दोन्ही अंतरं सारखी असल्याने दोषही दोन्हीकडे सारखाच, म्हणून 0.170 हा फरक खरा. मग लेव्हल त्याच रेषेत अ च्या मागे 5 मीटरवर न्या. आता अ वर 1.510 आणि ब वर 1.692 आलं, म्हणजे फरक 0.182. 60 मीटर जादा अंतरात 12 मिलिमीटर वाढले, म्हणजे लाइन ऑफ साइट दर 10 मीटरला 2 मिलिमीटर वर जाते. ब 65 मीटरवर आहे, तेव्हा तिथला दोष 13 मिलिमीटर आणि खरं रीडिंग 1.679. तेच रीडिंग येईपर्यंत क्रॉस हेअरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू फिरवायचा आणि टेस्ट पुन्हा घ्यायची. स्क्रूला हात लावायची खात्री नसेल तर लेव्हल कॅलिब्रेशनला पाठवा.

बॅकसाइट आणि फोरसाइटची अंतरं सारखी ठेवली तर हा दोष आपोआप कटतो. हे सगळ्यांना पाठ असतं, पण चढावर अमलात येत नाही. 4 मीटरचा स्टाफ आणि 1.5 मीटर उंचीवरची दुर्बीण घ्या. उताराच्या बाजूला 2.5 मीटर खालपर्यंतची जमीन वाचता येते, चढाच्या बाजूला फक्त 1.5 मीटर. 20 ला 1 अशा चढावर मागे 50 मीटर दिसतं आणि पुढे 30 मीटर. चढताना प्रत्येक सेटअपला बॅकसाइट 20 मीटरने लांब पडतं. वर टेस्ट घेतलेल्या बिघडलेल्या लेव्हलने सेटअपमागे 4 मिलिमीटर चूक येते, आणि दरवेळी एकाच दिशेने. दहा सेटअपनंतर माथ्यावरचा आरएल 40 मिलिमीटर जास्त.

यावर कडी म्हणजे त्याच वाटेने खाली उतरून टीबीएमवर क्लोज केलं (परत येऊन त्याची उंची ताडली) तर क्लोजिंग एरर (त्या उंचीत पडणारा फरक) जवळपास शून्य येते! उतरताना फोरसाइट लांब असतं, तितकीच चूक उलट दिशेने होते आणि हिशेब फिटतो. क्लोजिंग अप्रतिम, माथा मात्र चुकलेला. उपाय सरळ आहे: स्टेडियाने अंतर बघत राहा आणि पुढची साइट लांबवता येत नसेल तर मागची आखडती घ्या. किंवा लेव्हल रेषेच्या बाजूला लावून दोन्ही अंतरं सारखी करा. लेव्हल रेषेवरच असावी असा काही नियम नाही. प्रत्येक साइट (लेव्हलपासून स्टाफपर्यंतचं अंतर) 50-60 मीटरच्या आत राहावी. पृथ्वीची वक्रता आणि रिफ्रॅक्शन (हवेत प्रकाश वाकणं) मिळून होणारी चूक मीटरमध्ये 0.0673 गुणिले किलोमीटरमधल्या अंतराचा वर्ग इतकी असते. 100 मीटरला ती जेमतेम 0.7 मिलिमीटर भरते, तेव्हा लहान साइटवर तिची चिंता नको. दुपारी जमिनीलगत हवा थरथरते तेव्हा मात्र स्टाफच्या तळाचा अर्धा मीटर वाचू नये.

स्टाफ धरणाऱ्याला कमी लेखू नका. 3 मीटरच्या रीडिंगवर स्टाफ 3 अंश कलला तर रीडिंग 4 मिलिमीटर जास्त येतं, 5 अंशाला 11 च्या वर. कललेला स्टाफ नेहमी जास्तच वाचतो. म्हणून स्टाफ बबल वापरा, नसेल तर स्टाफ हळूहळू पुढे-मागे झुलवून सगळ्यात कमी रीडिंग घ्या. टेलिस्कोपिक स्टाफचा प्रत्येक भाग बटण खट्कन लागेपर्यंत ओढलाय ना, हे बघा. तळाला चिकटलेला चिखल पुसा. चेंज पॉइंट दगडावर, खिळ्यावर किंवा फूट प्लेटवर घ्या. भुसभुशीत मातीवर स्टाफ फिरवताना तो दोन-तीन मिलिमीटर सहज खचतो.

बीमचा किंवा स्लॅबचा तळ घ्यायचा असेल तर स्टाफ उलटा धरतात. तेव्हा एचआयमध्ये रीडिंग मिळवायचं: एचआय 102.205, उलटं रीडिंग 2.310, तळाचा आरएल 104.515. बुकात रीडिंगआधी वजाचं चिन्ह ठळक लिहा. स्टाफचा तळ 2 मिलिमीटर झिजला असेल तर एरवी बॅकसाइट-फोरसाइटमध्ये ते कटतं. इथे मात्र दुप्पट होऊन 4 मिलिमीटर पडतं.

शेवटी क्लोजिंग. चांगल्या कामासाठी 12 गुणिले किलोमीटरच्या वर्गमुळाइतके मिलिमीटर ही मर्यादा सर्रास वापरतात. 1.2 किलोमीटरच्या लूपला ती 13 मिलिमीटर येते. समजा 8 मिलिमीटर जास्त आले आणि चेंज पॉइंट 300, 600, 900 मीटरवर आहेत, तर त्यांच्या आरएलमधून अनुक्रमे 2, 4, 6 आणि शेवटी 8 वजा करायचे. मधल्या बिंदूंना त्यांच्या सेटअपच्या एचआयला लागलेली दुरुस्ती द्यायची. पण चूक नेमकी 100 मिलिमीटर किंवा 1 मीटर आली तर वाटप करू नका, कुठेतरी आकडा चुकून वाचलाय. एखादं बॅकसाइट फोरसाइटच्या कॉलममध्ये लिहिलं गेलं तर चूक त्या रीडिंगच्या दुप्पट येते, म्हणून आलेल्या चुकीचं निम्मं करून तो आकडा आधी बुकात शोधा. सापडला नाही तर लूपच्या मधोमध एखादा टीबीएम गाठून अर्धा भाग पुन्हा मारा. कोणत्या अर्ध्यात चूक आहे ते त्यावरून कळेल आणि सगळा लूप पुन्हा चालावा लागणार नाही.