आमच्या गेमचं पान का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी विकिपीडियावर लिहितो हे साताऱ्यात कुणाला कळलं, की हा प्रश्न येतोच: "आमच्या लहानपणीच्या त्या व्हिडिओ गेमचं पान तुम्ही लोकांनी उडवलंत. तुम्ही तो खेळलात तरी का?"

मी खेळलोय की नाही, यावर काहीच ठरत नाही. गेम उत्तम की टुकार, हेही बघायचं नसतं. गेमशी ज्याचा संबंध नाही अशा कुणी त्यावर सविस्तर लिहिलंय का, आणि ते छापण्याआधी एखाद्या संपादकानं तपासलंय का, एवढंच बघायचं. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातली माहिती बनवणाऱ्यानंच लिहिलेली असते, ती चालत नाही. मोबीगेम्स या गेमच्या माहितीच्या वेबसाइटवर 1999 पासून फार मोलाचा साठा होतो आहे, पण तो वापरकर्त्यांनी भरलेला. साल आणि कंपनी शोधायला त्याचा उपयोग होतो, पुरावा म्हणून नाही.

यातून विचित्र गोष्टी घडतात. पॉलिबियस नावाचा गेम 1981 साली अमेरिकेत पोर्टलंडच्या आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून गेम खेळायच्या दुकानात होता, तो खेळून मुलं आजारी पडायची, अशी दंतकथा आहे. असा गेम होता याचा एकही पुरावा नाही. तरी त्याचं पान आहे आणि असायलाच हवं, कारण त्या दंतकथेवर भरपूर लिहून आलंय. उलट, खरोखर बनलेला, लोकांनी खेळलेला गेम बाहेर राहतो.

"कागद तर लागत नाही, मग अडवता कशाला?" असंही विचारतात. आपल्याच जिल्ह्यात वाईला मराठी विश्वकोश झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली 1976 साली पहिला खंड निघाला, पुढे वीस खंड झाले. तिथं पानं मोजकी होती, म्हणून निवड करावी लागली हे कुणालाही समजतं. विकिपीडियावर पानं हवी तेवढी आहेत, तपासणारी माणसं नाहीत. 2024 या एका वर्षात स्टीमवर 18,000 हून जास्त गेम आले. ज्याला संदर्भच नाही अशा पानात उद्या कुणी खोटी तारीख घातली, तर ती खोटी आहे हे कशावरून ठरवायचं?

नियम मला मान्य आहे. तो घाईनं लावणं मात्र अजिबात मान्य नाही. पान वगळण्याची चर्चा इंग्रजी विकिपीडियावर साधारण सात दिवस चालते, आणि त्यात "गूगलवर काही सापडलं नाही" एवढं लिहून मोकळं होणारे बरेच असतात. जुन्या जपानी गेमचं नाव जपानी लिपीत घालून शोधलं का? इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहात जुन्या मासिकांचे स्कॅन आहेत, ते चाळले का? अर्थात नुसता उल्लेख सापडून भागत नाही. फामित्सु या जपानी गेम मासिकात चार समीक्षक दहापैकी गुण देतात आणि दोन-चार ओळी लिहितात; तेवढ्यावर पान उभं राहत नाही.

आपल्याकडची अडचण याहून मोठी आहे. बटणांच्या फोनवरचे जावा गेम इथं घरोघरी खेळले गेले, पण त्यांच्यावर लिहिलं कुणी? व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन या गेमचा इतिहास जपणाऱ्या अमेरिकी संस्थेनं 2023 साली दाखवून दिलं, की अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी 87 टक्के आज बाजारात मिळत नाहीत. जिथं समीक्षेची मासिकं निघत होती, तिथली ही गत.

कराडच्या एका इंजिनिअरिंगच्या मुलानं स्वतः केलेला गेम मला पाठवला. सुंदर होता. "सर, पान करूया का?" म्हणाला. मी नाही म्हणालो, आणि ते म्हणताना वाईट वाटलं. स्वतःच्या कामाचं पान स्वतः लिहू नये, हे त्याला समजावलं. गेमची फाइल आणि केलेली टिपणं जपून ठेव, चालू होईल अशी एक प्रत आर्काइव्हवर टाक, आणि एखाद्या पत्रकाराला खेळायला दे, असं सांगितलं. त्यानं सविस्तर लिहिलं, तर पुढे कुणीतरी तिसरा पान सुरू करू शकेल.

तेव्हा तुमच्या माळ्यावर सीडीसोबत येणारी जुनी कॉम्प्युटर मासिकं असतील, तर रद्दीत देण्याआधी गेमच्या परीक्षणांची पानं बघा. मासिकाचं नाव, महिना, साल आणि पान क्रमांक दिसेल असा फोटो काढून मला पाठवा. वगळलेलं पान परत आणता येतं.