तुम्ही विचारलेत म्हणून : प्रश्न नसतानाही क्रियापद कर्त्याच्या आधी का?

मराठी माध्यमातून शिकलेली आणि पुढे नेटाने इंग्रजी वाचू लागलेली माणसे मला एक प्रश्न हमखास विचारतात. ‘इज ही कमिंग?’ या वाक्यात ‘इज’ आधी येते ते समजते, कारण तिथे काहीतरी विचारले आहे. पण ‘नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द चिल्ड्रन रॅन आउट’ या वाक्यात कोणी काहीच विचारलेले नाही, मग ते ‘डिड’ तिथे कशासाठी? दहावीला ‘ॲज सून ॲज’चे वाक्य ‘नो सूनर’ने सुरू करून लिहायला सांगतात, तेवढ्यापुरते सूत्र पाठ होते, गुणही मिळतात, आणि कारण मात्र कळायचे राहून जाते. ते कारण जुने आहे, सुसंगत आहे आणि मला इंग्रजी व्याकरणातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

आधी आपल्या भाषेकडे पाहू, कारण अडचण तिथूनच सुरू होते. ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘आंबा रामाने खाल्ला’, ‘खाल्ला रामाने आंबा’ या तिन्ही वाक्यांत जोर वेगवेगळ्या शब्दांवर पडतो, पण खाणारा राम आणि खाल्ला गेला तो आंबा यांविषयी शंका राहत नाही, कारण ‘ने’ हा प्रत्यय रामाला चिकटून त्याच्याबरोबर फिरतो. प्रश्न विचारतानाही आपण वाक्य मोडत नाही. ‘तू येतोस’ याला ‘का’ जोडले की काम होते, आणि पुष्कळदा नुसता आवाज चढवला तरी पुरते. इंग्रजीने आपले बहुतेक विभक्तिप्रत्यय काही शतकांपूर्वीच गमावले. ‘ही’ आणि ‘हिम’ यांसारख्या सर्वनामांत त्यांच्या खुणा उरल्या आहेत, पण नामांच्या बाबतीत कोण कर्ता आणि कोण कर्म हे केवळ जागेवरून ठरते. ज्या भाषेत जागेला एवढे महत्त्व आहे तिथे जागा बदलणे ही हौसेने करण्याची गोष्ट नसते. त्या बदलातून काही ना काही सांगितले जात असते.

आता इतिहास. सुमारे अकराव्या शतकापर्यंतच्या जुन्या इंग्रजीत मुख्य वाक्याची ठेवण आजच्यापेक्षा वेगळी होती. वाक्याच्या पहिल्या जागेवर कर्ता, कर्म, काळ, स्थळ यांपैकी काहीही ठेवता येई, पण क्रियापद बहुधा दुसऱ्या जागेवर येई. ‘तेव्हा राजा आला’ हे सांगायचे असेल तर ‘था कोम से क्यूनिंग’ म्हणत, म्हणजे शब्दाला शब्द लावला तर ‘तेव्हा आला राजा’. पहिली जागा ‘तेव्हा’ने घेतली, दुसरी क्रियापदाची ठरलेली, म्हणून कर्त्याला तिसऱ्या जागेवर जावे लागले. जर्मन, डच आणि स्वीडिश या भाषांत हा नियम आजही चालू आहे. पुण्यात मॅक्स म्यूलर भवनात जर्मन शिकलेल्या कोणालाही ‘हॉयटे गेहे इश’, म्हणजे ‘आज जातो मी’, ही रचना पहिल्या काही धड्यांतच भेटलेली असते. आणि हे केवळ युरोपातच घडते असेही नाही. आपल्या देशातली काश्मिरी ही भाषा अशीच क्रियापद दुसऱ्या जागेवर ठेवते, आणि तिच्या आसपासच्या भाषा आपल्यासारख्या क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या असल्यामुळे ही गोष्ट भाषाभ्यासकांना विशेष महत्त्वाची वाटते.

जुन्या इंग्रजीतला आणखी एक बारकावा इथे सांगायला हवा. कर्ता सर्वनाम असेल, तर एरवी ते क्रियापदाच्या आधीच राही. मात्र वाक्याच्या आरंभी प्रश्नवाचक शब्द, नकार किंवा ‘था’ आला की सर्वनामालाही क्रियापदाच्या मागे जावे लागे. म्हणजे प्रश्न आणि नकार यांची पकड त्या काळीही इतरांपेक्षा घट्ट होती. पुढे चौदाव्या-पंधराव्या शतकांच्या सुमारास क्रियापद दुसऱ्या जागेवर ठेवण्याची सर्वसाधारण चाल इंग्रजीतून ओसरत गेली आणि कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम पक्का झाला, तेव्हा जिथे ही पकड घट्ट होती तिथे जुनी रचना तगून राहिली. ‘नो सूनर’ पहिल्या जागेवर, ‘डिड’ दुसऱ्या, ‘द बेल’ तिसऱ्या: तुमच्या दहावीच्या वाक्यात हजार वर्षांपूर्वीची ही ठेवण जशीच्या तशी आहे. तो प्रश्नाचा आकार नाही. प्रश्न आणि नकार या दोघांनी एकाच जुन्या घडणीचा वारसा राखला आहे, एवढेच.

पण मग सरळ ‘रँग’ हे क्रियापदच का पुढे येत नाही, ‘डिड’ कशाला? कारण पुढच्या काळात साध्या क्रियापदांची कर्त्याच्या आधी जाण्याची क्षमता संपली आणि ते काम साहाय्यक क्रियापदांकडे आले. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये येशू पीटरला ‘लव्हेस्ट दाउ मी’ असे विचारतो. आज तोच प्रश्न ‘डू यू लव्ह मी’ असा होईल. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत हे ‘डू’ प्रश्नांत आणि नकारांत पसरत गेले आणि अठराव्या शतकात नियम म्हणून स्थिरावले. वाक्यात आधीच ‘हॅव’, ‘कॅन’, ‘वुड’, ‘इज’ असे काही असेल तर तेच पुढे सरकते, आणि नसेल तेव्हा ‘डू’ ती जागा भरून काढते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की नकारानंतरचा हा क्रमबदल अर्थ ठरवतो. ‘विथ नो जॉब वुड शी बी हॅपी’ आणि ‘विथ नो जॉब, शी वुड बी हॅपी’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. शब्द तेच, फक्त ‘वुड’ आणि ‘शी’ यांच्या जागा बदललेल्या. पहिल्याचा अर्थ, कोणतीही नोकरी मिळाली तरी ती आनंदी होणार नाही. दुसऱ्याचा अर्थ, नोकरी नसेल तर ती आनंदी होईल. पहिल्या वाक्यात ‘नो’ संपूर्ण विधानावर पसरतो आणि ते विधानच नकारार्थी करतो, तर दुसऱ्यात तो ‘जॉब’पुरताच राहतो. क्रियापद पुढे आले की वाचणाऱ्याला कळते की नकार सगळ्या वाक्याचा आहे. म्हणूनच ‘ॲट नो टाइम डिड ही कम्प्लेन’, म्हणजे त्याने एकदाही तक्रार केली नाही, इथे ‘डिड’ हवे. पण ‘इन नो टाइम ही फिनिश्ड द वर्क’, म्हणजे त्याने क्षणार्धात काम संपवले, इथे ते चालणार नाही, कारण काम संपलेच आहे. ‘नेव्हर’, ‘सेल्डम’, ‘हार्डली’, ‘लिटल’, ‘नॉट ओन्ली’ अशी यादी पाठ करण्यापेक्षा हा एक निकष मनात ठेवणे मला अधिक भरवशाचे वाटते. ‘ओन्ली देन डिड आय अंडरस्टँड’ हे वाक्यही त्यात बसते, कारण ‘तेव्हाच समजले’ म्हणताना त्याआधी समजले नव्हते हेच सांगायचे असते.

मात्र नकार स्वतः कर्त्यातच असेल तर काहीच हलत नाही. ‘नोबडी केम’ हे पुरेसे आहे, आणि ‘हू ब्रोक द ग्लास?’ यातही ‘डिड’ लागत नाही. पहिल्या जागेवर कर्ताच बसला आहे, क्रियापद आपोआप त्याच्या पाठोपाठ आहे, मग सरकवायचे कशाला? प्रश्न आणि नकार यांचे नियम इथेही एकमेकांशी तंतोतंत जुळतात, आणि ही जुळणी प्रथम लक्षात येते तेव्हा फार समाधान वाटते.

‘हॅड आय नोन, आय वुड हॅव वेटेड’ ही रचनाही पुष्कळांना बुचकळ्यात टाकते. आपण ‘मला माहीत असते तर मी थांबलो असतो’ असे म्हणतो, तेव्हा ‘जर’ खुशाल गाळतो, कारण ‘तर’ने अट स्पष्ट होते. इंग्रजीत ‘इफ’ गाळले तर अट दाखवायला दुसरा शब्द उरत नाही, म्हणून ते काम क्रियापदाच्या जागेवर सोपवले जाते. आजच्या वापरात हे मुख्यतः ‘हॅड’, ‘वेअर’ आणि ‘शुड’ या तिघांपुरतेच उरले आहे, आणि त्यात नकार जोडून लिहीत नाहीत: ‘हॅड आय नॉट नोन’ बरोबर, ‘हॅडन्ट आय नोन’ चूक.

‘हिअर कम्स द बस’ आणि ‘ऑन द हिल स्टँड्स अ टेंपल’ हा प्रकार वेगळा आहे. इथे साहाय्यक क्रियापद न येता मूळ क्रियापदच कर्त्याच्या आधी येते, आणि कर्ता सर्वनाम झाला की क्रम पुन्हा सरळ होतो, ‘हिअर इट कम्स’. नाम आणि सर्वनाम यांच्यात असा भेद जुन्या इंग्रजीतही होता, हे वर आलेच आहे.

याच प्रश्नाला जोडून बहुधा दुसरा येतो: ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ हे चूक का, प्रश्न तर आहे ना? मराठीत ‘तो कुठे आहे?’ हा सुटा प्रश्न आणि ‘तो कुठे आहे ते मला माहीत नाही’ यातला पोटातला प्रश्न यांचा क्रम एकच असतो, म्हणून आपल्याला इंग्रजीतही दोन्हीकडे एकच क्रम ठेवावासा वाटतो. पण प्रमाण इंग्रजीत प्रश्नातला हा क्रमबदल मुख्य वाक्याचा अधिकार आहे. जुन्या इंग्रजीतही तो प्रामुख्याने मुख्य वाक्यात होई, आणि आजच्या जर्मनमध्ये तर गौण वाक्यातले क्रियापद आपल्यासारखे शेवटी जाते. म्हणून ‘व्हेअर’ गौण वाक्यात गेला की ‘ही’ आणि ‘इज’ आपापल्या मूळ जागी परततात: ‘आय डोन्ट नो व्हेअर ही इज’.