उधारीची वही

दादरच्या फुलबाजाराजवळच्या फूटपाथवर आमचा वर्ग भरतो. गजऱ्यांची सकाळची घाई उरकली की ताडपत्री अंथरायची, भिंतीला फळा टेकवायचा, वीस-बावीस पोरं गोळा करायची. सात वर्षं झाली. कुठलं पोर कशानं पेंगतंय हे आपल्याला बघताक्षणी कळतं, असा माझा समज होता.

त्या ऑक्टोबरात एक नऊ वर्षांची पोरगी वर्गात झोपायला लागली. जवळ बसलं की तिच्या तोंडाला वास यायचा. उतरलेल्या केळ्यासारखा, थोडा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा. आमच्या कामात असा वास आला की डोक्यात एकच येतं, नशेसाठी हुंगायचं सोल्युशन नाहीतर व्हाइटनर. मी तिचं दप्तर उपसलं, फ्रॉकच्या खिशात रुमालाचा बोळा शोधला. काहीच निघालं नाही, तेव्हा म्हटलं, हुशार आहे, लपवते. हजेरीत तिच्या नावापुढे पेन्सिलीनं लिहिलं, 'नशा?' प्रश्नचिन्ह टाकलं होतं, एवढंच काय ते माझ्या बाजूनं सांगता येईल.

आई गजरा ओवता ओवता बोलली होती, "ताई, लई पानी पिती ओ ही." मी म्हटलं, ऊन आहे, पिणारच.

शुक्रवारी शौचालयावरच्या काकांनी हाक मारली. "बाई, तुमच्या त्या पोरीची उधारी 218 रुपये झाली. आईकडे मागितली तर भांडायला उठते." बायकांकडून लघवीचे पैसे घेऊ नका म्हणून मुंबईत 2011 पासून 'राइट टू पी'ची मोहीम चालली, पण काकांच्या खिडकीवर पोरींचे दोन रुपये लागतातच. "जुलाब झालेत का तिला?" मी विचारलं. "नाय हो, नुसती लघवीला येते." त्यांनी वही पुढे केली. रोजची तारीख आणि तिच्यापुढे उभ्या रेघा. पहिल्या दिवशी तीन, एकोणिसाव्या दिवशी अकरा. का कोण जाणे, मी त्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले.

परत आले तर पोरगी फुलांच्या पोत्यावर आडवी. सकाळपासून दोनदा ओकली होती, पोट दुखतंय म्हणत होती. आणि श्वास! पडल्या पडल्या, दादरचा जिना धावत चढून आल्यासारखा खोल, भराभर. फ्रॉक खांद्यावरून घसरत होता. दिवाळीआधी तो घट्ट होतो म्हणून मीच दुसरा शोधत होते. आई म्हणाली, "रातीला जिथं मुतती तिथं सकाळी मुंग्या लागत्यात."

टॅक्सी केली. सरकारी दवाखान्यात सिस्टरनं बोट टोचलं, मशीनवर आकडा येण्याऐवजी 'हाय' अशी अक्षरं आली. रक्तातली साखर 600 च्या वर गेली की यंत्र मोजणं सोडून देतं. टाइप वन डायबेटीस, रक्तात आम्ल साठलेलं. मी ज्याला नशेचा वास म्हणत होते तो कीटोनचा होता. साखर पेशींत शिरेना म्हणून शरीर चरबी जाळत होतं, त्यातून ते कीटोन बनत होते.

डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवसांपासून जास्त लघवी होतेय?" आई माझ्याकडे बघायला लागली. मी मोबाइल पुढे केला. डॉक्टर रेघा मोजत राहिले, मग म्हणाले, "ही नोंद कुणी ठेवली?"

मला सांगावं लागलं.

सलाइन हळूहळूच द्यावं लागतं, मुलांच्या मेंदूला सूज येऊ शकते. त्यामुळे पहिली रात्र फार लांबली. बाकड्यावर बसून मी तपासण्यांचा विचार करत होते. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत, सरकारी शाळांत पोरं तपासतात. हिचं नाव दोन्हीकडे नव्हतं. माझ्या हजेरीत मात्र रोज होतं.

आठवड्यानं घरी सोडताना दोन अडचणी. इन्शुलिन थंड ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही. डेअरीवाला तयार झाला, फ्रिजच्या दारात, ताकाच्या पाकिटांशेजारी. त्यानं बरंच कुरकुरलं, नंतर स्वतःच कुपीवर रबरबँड लावून ठेवला. दुसरी अडचण पत्त्याची. कारकुनानं पत्ता मागितला, आईनं गावाचा सांगितला. तो लिहिला असता तर पुढच्या तपासणीची आठवण लातूरकडे गेली असती. वर्गाचा दिला तर मी संध्याकाळी पाचनंतर तिथे नसते.

शेवटी रकान्यात शौचालयाचा पत्ता लिहिला, काकांच्या नंबरसकट. कारकुनानं वर बघितलं. काकांनी आधीच विचारलं होतं, "रेघा मारायच्या अजून, की थांबवू?" डॉक्टर म्हणाले, मारू दे.