तुम्ही विचारलंत म्हणून: फ्लश ड्रॉ टाकून कसा देता?

"चार बदाम जमलेले असताना पानं टाकलीतच कशी?" हा प्रश्न मी पोकरच्या टेबलावर इतक्यांदा ऐकलाय की आता नुसतं हसून भागत नाही. (एकाच रंगाची पाच पानं म्हणजे फ्लश; चार जमवून पाचव्याची वाट बघणं म्हणजे फ्लश ड्रॉ.) वर पुरवणी असतेच: "आणि गटशॉटवर मात्र कॉल करता!" गटशॉट म्हणजे सलग पाच पानांतलं मधलं एकच पान अडलेलं असणं; कॉल म्हणजे समोरच्याइतक्या चिप्स घालून डावात राहणं.

आधी तो गाजलेला डाव. माझ्याकडे बदामची सत्ती-छक्की. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, बदाम राजा, बदाम नव्वी, किलवर दुर्री. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, 100 चिप्स. समोरच्याकडे 200 उरल्या होत्या, त्या त्याने एकदम पुढे सरकवल्या. मी जरा वेळ घेतला आणि पानं टाकली. इथवर कुणाची काही तक्रार नव्हती. त्याने आपली पानं न दाखवताच गोळा केली. मग कुणीतरी म्हणालं, पुढचं पान बघू या की! डाव संपला होता, तरी डीलरने हौसेने पान उलटलं. बदाम राणी. तेव्हा जो गलका झाला तो अजून थांबलेला नाही.

आता हिशेब. माझे 200 घातले की पॉट 500. म्हणजे निदान 40 टक्के वेळा तरी जिंकायला हवं. न दिसलेल्या 47 पानांत बदाम नऊ, आणि अजून उघडायच्या दोन पानांत फ्लश लागण्याची शक्यता 35 टक्के. इकडून-तिकडून एखाद-दोन टक्के वाढवून घ्या. "अहो, पण इम्प्लाइड ऑड्स?" कसले? ते पुढच्या फेऱ्यांत मिळणाऱ्या पैशांवर असतात. त्याच्या पुढ्यात एक चिप शिल्लक नव्हती.

पूर्वीचा मी बिनदिक्कत कॉल केला असता. त्याच्याशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही, कारण त्याचंही अगदीच खोटं नव्हतं. 100 च्या पॉटवर 50 ची बेट आली तर भाव मिळतो 3 ला 1 (50 घालून 150 जिंकायचे), टर्नवर, म्हणजे टेबलावरच्या चौथ्या पानावर, बदाम येण्यासाठी लागतो 4.2 ला 1. कमी पडणाऱ्या साठेक चिप्स पुढे वसूल झाल्या की भागलं. पण त्या देणार कोण? तिसरं बदाम पडलं की टेबलावरचा प्रत्येक जण सावध होतो. तरीही जो खुशीने पैसे घालतो, त्याच्याकडे बऱ्याचदा बदाम एक्का, म्हणजे माझ्याहून वरचा फ्लश असतो. सत्तीचा फ्लश घेऊन तिथे मीच गिऱ्हाईक.

उलट गटशॉट बघा. माझी सत्ती-पंजी; फ्लॉपवर तीन वेगळ्या रंगांचे राजा, अठ्ठी, चौकी. हवी फक्त छक्की. चारच पानं, भाव जवळजवळ 11 ला 1. पण बेट आहे 100 मध्ये 20 ची, दोघांच्याही पुढ्यात 800, आणि मी त्याच्यानंतर बोलणार. मला पुढे शंभरेक मिळाले तरी पुरे. छक्की पडली तर राजाची जोडी धरून बसलेल्याला त्यात धोका दिसत नाही, आणि त्या घडीला माझ्या वरचा हातच नसतो. हे मी खेळतो, खेळत राहीन.

तरी त्या डावात एक गोष्ट मला टोचते, आणि ती राणी नव्हे. त्याच्याकडे राजा नसता, नुसता एक्का घेऊन तो ब्लफ करत असता, तर सत्ती किंवा छक्की येऊन जोडी लागली तरी माझं काम झालं असतं. नवाची पंधरा पानं होतात, 54 टक्के. मग कॉल बरोबर. तो तसा किती वेळा खेळतो? त्याला विचारलं तर म्हणतो, पैसे भरून बघ.