कुणाची ओ ही?

“कुणाची ओ ही?”

समोरच्या बाकावरच्या काकांनी बशीतला चहा फुंकता फुंकता विचारलं. मी मान वळवून रस्त्याकडं पाहिलं, आत्ताच दिसतेय अशा थाटात, आणि म्हणालो, “काय माहीत.”

ही म्हणजे माझीच गाडी. लाल, दोन सीटची, टप मागं टाकलेला. जूनचा पहिला आठवडा, दुपारचे साडेतीन, कोल्हापुरातलं उद्यमनगर. खोटं बोलायला काही कारण नव्हतं. गाडी चोरीची नाही, हप्ते थकलेले नाहीत, कागदं जागच्या जागी. पण मला ती खोडच आहे. गाडी लावायची, रस्ता ओलांडून समोरच्या चहाच्या दुकानात बसायचं आणि तिच्याकडं बघणाऱ्यांना बघायचं. शेजारी मालक उभा दिसला की माणसं सावध होतात, चौकश्या करतात. मालक नाही म्हटलं की चेहरे सैल सुटतात. एकदा कडक इस्त्रीच्या एका साहेबांनी इकडंतिकडं बघून तिच्या आरशात भांग सारखा केला आणि जाता जाता दारावर टिचकी मारली. टिचकी सगळेच मारतात. पत्र्याचा आवाज येत नाही म्हटल्यावर आणखी एक मारतात. मग अंगठ्यानं दाबून बघतात, कलिंगड घेताना दाबतात तसं.

गाडीचं नाव सॅन स्टॉर्म. पण नाव सांगून उपयोग होत नाही.

“कुठली?”

“सॅन स्टॉर्म.”

“सँट्रो?”

असं दोनतीनदा झाल्यावर मी ‘इंपोर्टेड आहे का’ला नाही आणि ‘मॉडिफाय केलीय का’ला हो म्हणून मोकळा होऊ लागलो. एका रिक्षावाल्यानं तर शपथेवर सांगितलं होतं की ही मारुती ८०० कापून केलेली आहे आणि कापणारा त्याच्या मेव्हण्याचा दोस्त आहे. मी म्हटलं, असेल.

खरं सांगायचं तर बेंगळुरूच्या सॅन मोटर्सनं ही नव्वदच्या दशकाच्या अखेरीला काढली. ठेवण फ्रेंच माणसांनी काढून दिलेली, अंग फायबरग्लासचं आणि पोटात रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन. ताकद ६० घोड्यांची. आमच्या शेजाऱ्यांच्या स्विफ्टमध्ये याहून जास्त घोडे आहेत आणि ते सकाळी पोरांना शाळेत सोडून येतात. तेव्हा ही नुसती दिसायला रेसची. सिग्नल सुटला की मोटरसायकलवाली पोरं शर्यतीच्या आशेनं शेजारी येतात, थोडं अंतर बरोबर चालतात आणि काहीतरी चुकल्यासारखा चेहरा करून पुढं निघून जातात.

त्या काळात पाच माणसं, दोन बॅगा आणि वेळ पडली तर गॅसचा सिलिंडर एवढं मावलं तर ती गाडी. दोन सीटची घेणार कोण? फार थोड्या खपल्या. आज लोक दुर्मिळ दुर्मिळ म्हणून फोटो काढतात, पण कोहिनूर दुर्मिळ असतो तशी ही दुर्मिळ नाही. ही कुणी घेतली नाही म्हणून दुर्मिळ.

मला ती गोव्यात सापडली, म्हापशाच्या अलीकडं एका गॅरेजच्या मागं, फणसाखाली. ड्रायव्हरच्या सीटवर मांजरीनं पिल्लं घातलेली. ती मोठी होऊन आपापल्या वाटेनं जाईपर्यंत थांबावं लागलं, मग आंबोली घाटानं घरी आणली. घाटात कणसं भाजणाऱ्यानं विचारलं, “शूटिंग कुठं चाललंय?” गाडी त्यानं बघितली होतीच, नंतर मला बघितलं आणि म्हणाला, “तुम्ही फक्त पोचवायला चाललाय व्हय?” लिंबू-तिखट मात्र सढळ हातानं लावून दिलं.

घरी आणल्यावर हिनं चारी बाजूंनी फिरून बघितली आणि एवढंच म्हणाली, “भाजीची पिशवी कुठं ठेवायची?” अजून उत्तर मिळालेलं नाही. पिशवी मांडीवर असते. एक फायदा मात्र झाला. लग्नाकार्याला निघताना ‘जरा आम्हालाही वाटेत सोडा’ म्हणणारे नातेवाईक एकदम कमी झाले. उलट वरातीला मागणारे वाढले. गेल्या मार्गशीर्षात तिघांना नाही म्हणालो, चौथा मावसभाऊ निघाला. नवरदेव मागच्या झाकणावर बसणार म्हणाला. फायबर आहे रे, घटस्फोटाच्या आधी तडा जाईल, असं मी बोलून गेलो. त्या घरी अजून येणंजाणं नाही.

फायबर गंजत नाही, ही त्याची मोठी शेखी. खरं आहे. पण खाली चासीचं लोखंड आहे ते गंजतं आणि वरच्या रंगाला वर्षं गेली की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात. त्याला पत्रा ठोकणारा डेंटिंगवाला चालत नाही. मी हिंडून हिंडून शेवटी पुतळे करणाऱ्या एका कारागिराकडं पोचलो. शेडमध्ये एक अर्धवट घोडा उभा, पुढचे दोन पाय हवेत, पोट अजून पोकळ. त्याच्या मागच्या खुरांपाशी पोतं अंथरून माझा बंपर आडवा घातला. कारागिरानं काचेच्या धाग्याची चटई कात्रीनं कापली, मगातल्या रेझिनमध्ये हार्डनरचे थेंब मोजून टाकले, ब्रश फिरवला आणि उरलेला माल फुकट जाऊ नये म्हणून तसाच घोड्याच्या शेपटीला लावला. तो घोडा आता कुठल्यातरी चौकात उभा असेल. माझ्या बंपरचा आणि त्याचा सोयरसंबंध कुणाला ठाऊक नाही.

बाकीचं सगळं उद्यमनगर. इथं लेथवर बसलेल्या माणसाला मोडकी वस्तू नुसती दाखवायची. हे कशाचं आहे असं तो विचारत नाही, कितीला बसतं एवढं विचारतो. गिअरच्या दांडीचा बूश, काचेची खिट्टी, बिजागरीची पिन, सगळं इथंच उतरवून घेतलं. आज त्या पिनेसाठीच आलो होतो. “तासाभरानं या,” म्हणाले. म्हणून चहा.

आणि प्रश्न. गाडी कुठलीही असो, माणूस कुठलाही असो, पहिला नाहीतर दुसरा प्रश्न ठरलेला: “ॲव्हरेज किती देती?” पूर्वी मी खरं सांगायचो, चौदा. त्यावर समोरचा माणूस अशा दुःखानं बघायचा की घरात कुणी आजारी आहे. “एवढी बारकी, आन् चौदा?” मग मी अठरा सांगू लागलो. अठराला माणसं समाधानानं घरी जातात. पेट्रोल पंपावरच्या पोराला एकदा बावीस सांगितलं, तर तो म्हणाला, “मग आठवड्यात दोनदा कशाला येताय?”

लोकांनी आपल्याकडं बघत राहावं, याची सवय मला नाही. शाळेत वर्गापुढं कविता म्हणायची पाळी आली की पोटात दुखायचं, आणि ते सोंग नव्हतं. असल्या माणसानं असली गाडी का घेतली, हे आईनंही विचारलं होतं. तिला काय सांगितलं ते आठवत नाही. दसरा मात्र आठवतो.

दसऱ्याला आण्णा मला दसरा चौकात घेऊन जायचे. चारपासून गर्दी. मी त्यांच्या खांद्यावर, हातात आपट्याची डहाळी, खाली नुसत्या टोप्या, फेटे आणि फुगे. आणि मग लांबून एक कुजबूज सरकत यायची, “मेबॅक आली, मेबॅक आली.” राजघराण्याची ती लांबलचक जुनी जर्मन मेबॅक मोटार वर्षातून त्या दिवशी सगळ्या गावाला दिसायची. आमच्या गल्लीतल्या कित्येकांना जर्मनी कुठं आहे ते ठाऊक नव्हतं, पण मेबॅक म्हटलं की मान ताठ व्हायची. गाडी जणू गावकीची. सगळे महाराजांकडं बघायचे. मी एका वर्षी ड्रायव्हरकडं बघितलं. एवढा मोठा जनसमुदाय, एवढे डोळे, आणि तो आपला नाकासमोर बघत, गळ्याची शीर ताणून, गोगलगाईच्या चालीनं मोटार पुढं काढतोय. डोळ्याची पापणीही लवत नव्हती. मी आण्णांना विचारलं, “तो का हसत नाही?” आण्णा म्हणाले, “त्याला कुठं कोण बघतंय?”

परवा भवानी मंडपापाशी वळताना आरशात माझा चेहरा दिसला. तस्सा. नाकासमोर, शीर ताणलेली.

सोनं लुटून घरी येईपर्यंत मी झोपलेलो असायचो.

तर चहा. माझा दुसरा संपला, काकांचा तिसरा आला. ते काही उठायचं नाव घेईनात. गाडीवरची नजर काढून ते पुन्हा माझ्याकडं वळले.

“मी मूळचा इचलकरंजीचा,” म्हणाले. “आमच्यात शंकरराव कुळकर्ण्यांनी गाडी केलती. मीरा. ऐकलंय का?”

ऐकलं होतं. छोटी मोटार, इंजिन मागच्या बाजूला, सत्तरच्या दशकात बारा हजार रुपयांच्या आसपास ती लोकांना द्यायचं त्यांच्या मनात होतं. कारखाना उभा राहिला नाही, गाडी बाजारात आली नाही.

“मी बघितलीया रस्त्यावर,” काका म्हणाले. “सायकल टाकून मागनं पळालतो. वय काय माझं, पंधरा-सोळा. ही बघितली आन् तीच आठवली बघा. तशी न्हाई दिसायला. पर कुणीतरी घरात बसून केल्यासारखी वाटती. मालक येऊ दे, तेवढं इचारतो आन् जातो.”

आता आली पंचाईत. एकदा ‘काय माहीत’ म्हटल्यावर माणूस मालक कसा होणार? मधेच आठवल्यासारखं करावं का? लघवीला जाऊन मागच्या गल्लीनं पसार व्हावं का? गाडी रात्री न्यायची. पण टप उघडा, आणि पिनेचे पैसे देऊन झालेले. मी तिसरा चहा सांगितला. काकांनी खिशातून तंबाखूची पुडी काढली, चुना लावला, मळायला घेतलं. घाई त्यांना अजिबात नव्हती. त्यांच्याकडं बघता बघता मनात आलं, आपण हिच्यासाठी एवढी धावाधाव केली, रेझिन लावलं, पिना उतरवल्या, पण हिच्यामागं सायकल टाकून आपण कधी पळालो नाही. आपण आतच बसून होतो.

तेवढ्यात पहिला थेंब पडला. समोरच्या पत्र्यावर आवाज झाला तसा दुकानातला पोरगा ओरडला, “गाडी भिजतीया!” आणि मी उठायच्या आत काका उठले. सत्तरीचा माणूस, तंबाखू तशीच मुठीत धरून रस्ता पार. त्यांच्यामागं पोरगा ताडपत्री घेऊन, त्याच्यामागं लेथवाला. काकांनी टप धरला आणि ओढला तो नेमका उलट्या बाजूला. कापड कर्र वाजलं. दोन माणसं इकडून, एक तिकडून, आणि पाऊस आता तिरपा.

मग गेलो. काय करणार? टप आधी थोडा वर उचलावा लागतो, मग पुढं. काचेच्या चौकटीला दोन खिट्ट्या आहेत. उजवी सरळ बसते. डावीला गुण आहे: अंगठ्यानं दाबून धरायची आणि त्याच वेळी दाराला आतून गुडघा द्यायचा, तेव्हा ती ‘खट्’ म्हणते. मी अंगठा लावला, गुडघा दिला. खट्.

पाऊस टपावर ताशासारखा वाजायला लागला. पोरगा आणि लेथवाला पळत आत गेले. काका तसेच उभे, टोपीच्या कडेनं पाणी गळतंय. त्यांनी खिट्टीकडं बघितलं, माझ्या गुडघ्याकडं बघितलं.

“हात बसलाय तुमचा,” म्हणाले.

आम्ही दुकानाच्या पत्र्याखाली आलो. मी रुमालानं तोंड पुसलं, मग उगाचच चष्मा पुसला. काका बोलेनात. पाण्यात गेलेली तंबाखू त्यांनी बाहेर झटकली.

“चौदा देती,” मी म्हणालो.

“मी कुठं इचारलं?” काका म्हणाले, आणि आत बघून त्यांनी आणखी दोन चहा सांगितले.