कडुनिंबाखालचा वर्ग : माझा अनुभव

वर्धा जिल्ह्यातील आमच्या जिल्हा परिषद शाळेत मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली, की टिनाच्या छताखालची खोली दहा वाजताच तापते. म्हणून अंगणातील कडुनिंबाखाली कायमची बैठक करावी, असा विषय मी मुख्याध्यापक या नात्याने शाळा व्यवस्थापन समितीसमोर ठेवला. (२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात, आमचे पालक शेतावर राबणारे, त्यामुळे सभा रात्रीच भरते.) ठराव झाला, वास्तुकला महाविद्यालयाला पत्र गेले आणि ऑक्टोबरात प्राध्यापकांसह विद्यार्थी मोजमापाला आले.

त्यांचा पहिला आराखडा देखणा होता : जमिनीत उतरत जाणाऱ्या अर्धवर्तुळाकार पायऱ्या. तो पाहून एक पालक म्हणाले, "सर, पावसाळ्यात याचं तं डबकं होईन." ते खरेच होते. आमच्या काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही; ती ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर थेट उभारलेले बांधकाम तडकते. तेव्हा खड्ड्याची कल्पना सोडून, माती काढून मुरूम दाबून भरायचा आणि त्यावर ओटा बांधायचा, असे ठरले.

ओट्याची जागा ठरवण्यात मुलांचा वाटा मोठा होता. दर तासाला ती सावलीची कड फक्कीने आखत, आणि एप्रिलची सावली विद्यार्थ्यांनी गणिताने काढली. डिसेंबरात भर दुपारी झाडाची सावली जवळपास त्याच्या उंचीइतकी लांब उत्तरेला पडते, एप्रिलच्या सकाळी ती पश्चिमेला असते. म्हणून ओटा पश्चिमेकडून दक्षिणेकडे वळवला, म्हणजे उन्हाळ्यात सावलीत आणि हिवाळ्यात उन्हात बसता येईल.

परवानगीचा प्रस्ताव दोनदा परत आला : एकदा अंदाजपत्रक नाही म्हणून, नंतर देखभाल कोण करणार याचा उल्लेख नाही म्हणून. दुसरा आक्षेप मला तेव्हा खटकला, पण तो रास्त होता. त्यामुळेच ग्रामपंचायतीने देखभालीचा ठराव केला. पुढे विद्यार्थ्यांच्या परीक्षा आणि गावातील कापसाची वेचणी एकाच वेळी आल्याने श्रमदान फेब्रुवारीपर्यंत लांबले.

पहिल्या पावसानंतर ओट्याच्या दक्षिण टोकाला एक भेग दिसली. चौथीची मुले दर शनिवारी तिची रुंदी पट्टीने मोजून वहीत लिहितात आणि ती पाने मी महाविद्यालयाला पाठवतो.